दोन लाल ठिपके

नाथाजी कोळेकराचं पोट हा तळ्याच्या वाडीतला सार्वजनिक विषय होता. आता दुसऱ्याच्या पोटाची उठाठेव लोकांनी का करावी? पण करतात. कवठे महांकाळपासून आठ मैल आत वाडी, तिथं दुसरं करायला आहे तरी काय? पारावर आधी नाथाजीचं पोट येऊन बसतं आणि मागनं नाथाजी येतो, असं गिरणीवाला गुंडा पैलवान दळण घालायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. आणि सांगणारा कोण, तर स्वतः सव्वाशे किलोचा गडी! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही तर जगाची रीतच आहे.

लोकांच्या बोलण्याचं नाथाजीला काही नव्हतं. त्याचं खरं दुखणं घरात होतं. त्याच्या बायकोनं, रंगुबाईनं, गेल्या दीड वर्षापासून त्याचं मटण बंद केलं होतं.

त्याला कारण घडलं होतं. नाथाजीचे थोरले भाऊ, ज्यांना सगळी वाडी दादा म्हणायची, द्राक्षबागेत फवारणीचा पंप बंद करायला वाकले ते उठलेच नाहीत. वय एकसष्ट. अंगानं नाथाजीसारखेच. दिवसकार्य उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी रंगुबाईनं नवऱ्याला एसटीत घालून मिरजेच्या डॉक्टरपुढं उभं केलं. डॉक्टरनं कंबरेला टेप लावली, साखर तपासली आणि सांगितलं, काठावर आहे, सांभाळा. आता डॉक्टरच्या तोंडच्या एका शब्दाचा रंगुबाईनं केवढा विस्तार करावा! एक भाकरी, दुधीची भाजी, वाटीभर ताक. मटण नाही, रस्सा नाही, आणि नळीचं तर नाव काढायचं नाही. गेल्या चैत्रातली बिरोबाची जत्रा त्या माणसानं वांग्याच्या भाजीवर काढली. धनगराच्या पोटी जन्माला यायचं आणि जत्रेला वांगं खायचं, यापरीस मोठी विटंबना नाथाजीला ठाऊक नव्हती.

नाथाजी एकोणसाठचा झाला होता. त्याचं म्हणणं एकच होतं की, आपण खाऊन असे झालेलो नाही, आपल्या रक्तातच ते आहे. दादा तसे, आपण तसे. मग उपाशी मारून उपयोग काय? रंगुबाई म्हणायची, रक्तात हाय का ताटात, ते मला दिसतंय की. हा वाद दीड वर्ष चालला होता आणि दीड वर्ष नाथाजी हरत होता. रक्तातलं कुणाला दाखवता येतंय?

आणि दिवाळी झाल्यावर वाडीत उत्कर्षा आली.

पोरगी मूळची साताऱ्याची, पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करणारी. तिनं शाळेत सगळ्यांना बोलावलं आणि सोप्या भाषेत समजावून सांगितलं. आशिया खंडातल्या माणसांच्या, म्हणजे आपल्यासारख्यांच्या, पोटाभोवती चरबी लवकर साठते. गोऱ्या माणसाला ज्या वजनावर काही होत नाही, त्या वजनावर आपल्याला साखरेचा आजार जडतो. यातलं काही खाण्यानं होतं आणि काही जन्मतः मिळतं, आईकडून एक वाटा, बापाकडून एक वाटा. असे वाटे पुष्कळ आहेत. त्यातला जो नेमका आम्ही शोधतोय, तो कुणात किती आहे हे तपासायचं. रक्त नको, नुसती थुंकी पुरे. तपासणीचा कागद ज्याचा त्याला मिळेल, आणि वाचता न येणाऱ्यालाही कळावा म्हणून त्यावर दोन गोल काढलेले असतील. गोल लाल असला तर जाडीचा वाटा आला, रिकामा असला तर नाही आला.

नाथाजी पुढच्या रांगेत बसला होता. दोन लाल गोल! तेवढा कागद घरी नेऊन रंगुबाईपुढं आपटला की संपला वाद. रंगुबाई डॉक्टरला मानत होती, कागदाला तर त्याहून जास्त मानत होती. चैत्रातल्या जत्रेचा रस्सा त्याला तिथंच, शाळेच्या फळ्यासमोर, डोळ्यांपुढं दिसायला लागला.

उत्कर्षानं घरोघरी प्लास्टिकच्या बाटल्या वाटल्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. उद्या सकाळी उठल्यावर चहा, तंबाखू, मिश्री काही न लावता रेघेपर्यंत थुंकायचं आणि नऊ वाजता बाटली शाळेत आणून द्यायची. रंगुबाई अक्षरशत्रू. बालपण मेंढरांमागं गेलं, शाळा कुठली बघायची? नवरा-बायकोच्या बाटल्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून तिनं तिच्या माहेरी, म्हसवडला, करतात तेच केलं. तिथं दोन वाडग्यांची, म्हणजे दोन कळपांची, मेंढरं एकत्र चरायची असली की आपल्या मेंढराच्या गळ्यात खुणेची लोकर बांधतात. तिनं नाथाजीच्या बाटलीच्या झाकणाखाली काळ्या लोकरीचा दोरा गुंडाळला आणि बाटली फळीवर ठेवून दिली.

इकडं नाथाजीला निराळीच काळजी. कारण दर मंगळवारी कवठ्याच्या बाजाराला गेला की तो एका खानावळीत मागच्या दारानं शिरून मटणाची थाळी हाणायचा, हे रंगुबाईला ठाऊक नव्हतं. आणि आजच मंगळवार. त्याला वाटलं, थुंकीतनं एवढं सगळं कळतंय म्हटल्यावर थाळीपण कळणार. पुण्याच्या यंत्रानं सगळं ओकलं तर? कागदावर लाल गोल यायचा राहील आणि खानावळीचं नाव यायचं! शहाण्या माणसाचं डोकं भ्यालं की कुठल्या बिळात शिरेल सांगता येत नाही.

त्यापेक्षा खात्रीची थुंकी घ्यावी. आणि वाडीत खात्रीची थुंकी एकाचीच. गुंडा पैलवानाचा बाप तसला, आजा तसला, आणि गुंडा तर दोघांना खिशात घालणारा. ह्याच्या रक्तात नसेल तर मग कुणाच्याच नाही. पहाटे नाथाजी बाटली धोतराच्या सोग्यात लपवून गिरणीत गेला. द्राक्षाच्या एका पेटीवर सौदा ठरला. गुंडाला यात नाही म्हणण्यासारखं काही दिसलं नाही. थुंकायला कुठं पैसे पडतात? बाटली त्याच्याकडं सोडून नाथाजी घरी आला आणि साळसूदपणे दात घासत बसला.

तेवढ्यात रंगुबाई डोक्यावर ज्वारीची पाटी घेऊन दळण आणायला गेली आणि पाऊण तासानं परत आली. आल्या आल्या ओट्यावर बसली आणि कपाळाला हात लावला. नाथाजीनं विचारलं तर म्हणाली, सवयीनं मिश्री लावून बसले बघा, आता माझी थुंकी काळी व्हायची आणि त्या पोरीचं नुकसान व्हायचं. तुम्हीच थुंका माझ्या बाटलीत, तुमचं तोंड निर्मळ आहे.

नाथाजीला केवढा आनंद झाला! इतकी वर्षं ह्या बाईनं आपल्याला शिस्त शिकवली, आणि आज तिची चोरी आपल्या हातात. त्यानं मोठ्या मनानं तिच्या बाटलीत रेघेपर्यंत थुंकून दिलं. वर, कुणाला सांगणार नाही, असं वचनही दिलं. मग गिरणीत जाऊन आपली बाटली घेतली आणि नऊ वाजता दोघं जोडीनं शाळेत हजर झाले. उत्कर्षानं लोकरीचा दोरा बघून कौतुक केलं.

माघात द्राक्षांची तोडणी चालू असताना उत्कर्षा पुन्हा आली. सगळ्यांना पाकिटं मिळाली. नाथाजीला नाही, गुंडाला नाही आणि रंगुबाईला नाही. तिघांना तिनं शाळेच्या ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. गुंडा खुर्चीत मावेना, म्हणून तो खिडकीत टेकला.

उत्कर्षा रागावलेली नव्हती, पण हसतही नव्हती. ती म्हणाली, दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकाच माणसाची थुंकी नाही ना, हे आमच्याकडं आधी बघतात. नाथाजीकाका आणि गुंडाकाका, तुमच्या दोन बाटल्या एकाच माणसाच्या आहेत.

गुंडानं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. नाथाजी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसायला लागला. शेवटी गुंडाच म्हणाला की, दोन्ही माझ्याच, मला द्राक्षाची पेटी कबूल केली होती आणि ती अजून मिळाली नाही. असला मैतर वैऱ्यालाही मिळू नये.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. उत्कर्षानं दुसरा कागद काढला. बाईच्या नावाची थुंकी बाईचीच आहे का, हेही बघतात, असं तिनं सांगितलं. रंगुमावशी, तुमच्या बाटलीत पुरुषाची थुंकी आहे.

आता नाथाजीच्या जिवात जीव आला. बुडत्याला काडीचा आधार! आपण एकटेच चोर नाही, हे बघून त्याला हुरूपच चढला. त्यानं मांडीवर थाप मारली आणि सगळी हकीकत रंगवून सांगितली, की ती थुंकी माझी, बाईनं मिश्री लावली होती, माझ्यापुढं बाटली घेऊन गयावया करत होती, आणि मी काय, दया आली म्हणून दिली. हिला विचारा खोटं असलं तर. मला शिकवती व्हय!

रंगुबाईनं आधी पदर नीट केला. मग उत्कर्षाकडं न बघता नवऱ्याकडं बघून म्हणाली, "त्या दिवशी मी मिश्री लावलीच न्हवती."

नाथाजीला काही समजेना.

"दळण घालाय गेलते तवा गुंडाभावजींच्या पोत्यावर दोन बाटल्या हुत्या. एकीच्या झाकणाला माझीच लोकर. म्हटलं, ह्यो बाबा खोटा कागद आणणार. मग तुमचं खरं काय हाय, ते मला कसं कळायचं? म्हनून माझी बाटली तुमच्या तोंडापुढं धरली. दादा वाकले ते उठले न्हाईत. तुमी बागेत वाकला की मी हिकडनं बघत बसते. मला भ्या वाटतंय वं."

गुंडा पैलवान, ज्यानं आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, तोसुद्धा खिडकीचा गज पुसत उभा राहिला. नाथाजीला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटासकट गिळावं. दीड वर्ष तो जिला कैदाशीण समजत होता, ती दीड वर्ष रोज भीत होती, आणि आपण काय करत होतो, तर मंगळवारी थाळी हाणत होतो.

उत्कर्षानं मग सगळं नीट सांगितलं. असल्या अदलाबदलीनं आमचं सगळं गणित चुकतं, म्हणून तिघांनी आता माझ्यासमोर पुन्हा द्यायची. आणि खाल्लेलं काही त्यात दिसत नाही, असं ती नाथाजीकडं बघून म्हणाली. कुणी सांगितलं होतं तिला कोण जाणे. आणि हेही ऐका, म्हणाली. दोन्ही गोल लाल असले तरी त्यानं सरासरी दोन-तीन किलोंचाच फरक पडतो. बाकीचं वजन कुठून आलं, ते ज्याचं त्यानं बघावं. शिवाय जो रोज चालतो-राबतो त्याच्या अंगात तो वाटा फारसा जोर करत नाही.

चालण्याचं निघालं तसं रंगुबाईनं तिला सांगितलं की, हे चालायचे की. लग्न झालं तेव्हा ह्यांच्या बरगड्या मोजता यायच्या. दोनशे मेंढरं घेऊन कृष्णाकाठापर्यंत चालत जायचे आणि चालत यायचे, खायचे वाघासारखे. मग कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली, द्राक्षं लावली. आता घरापासून बागेपर्यंत दोनशे पावलं, पण तिथंसुद्धा मोटारसायकल लागते. उत्कर्षानं हे वहीत लिहून घेतलं. तिघांनी तिच्यासमोर, शाळेतल्या पोरांसारखं ओळीनं बसून, बाटल्या भरून दिल्या.

दुसऱ्या खेपेचे कागद चैत्रात आले, जत्रा दोन दिवसांवर असताना. गुंडाचे दोन्ही गोल रिकामे निघाले. हे त्यानं स्वतःच पारावर सांगितलं आणि मग पस्तावला, कारण त्याच्या बायकोनं त्याच दिवशी तुपाचा डबा कडीकुलपात घातला. तीन पिढ्यांच्या रक्ताचं जे नाव सांगितलं होतं, ते सगळं खाण्यावर गेलं. नाथाजी मनात म्हणाला, बरं झालं, असली थुंकी आपल्या नावावर राहिली नाही.

त्याचं स्वतःचं पाकीट त्यानं घरी ओट्यावर बसून फोडलं. ऊन कलतीला लागलं होतं. रंगुबाई समोर बसून जत्रेचे तांदूळ निवडत होती. तिचा कागद आधीच बघून झाला होता, एक लाल, एक रिकामा, आणि तिनं तो पाटाखाली सारला होता. नाथाजीनं आपला कागद वर धरला.

दोन्ही गोल लालभडक.

बघा! जे दोन वर्षं ओरडून सांगत होता, ते खरं निघालं. त्याच्याच थुंकीनं, कुणाची उसनी न घेता. हा कागद पारावर नाचवायचा, रंगुबाईपुढं आपटायचा, आणि परवाच्या रश्श्यावर हक्क सांगायचा, हे सगळं त्याचं मनात शंभर वेळा करून झालं होतं. त्यानं तोंड उघडलं. आणि त्याला दिसलं की रंगुबाईचा हात तांदळात थांबलाय. ती खडे बघत नव्हती. त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि तसंच तिनं मिरजेला डॉक्टरच्या तोंडाकडं बघितलं होतं.

"काय न्हाई," नाथाजी म्हणाला. "दोन्ही रिकामे. आपल्या रक्तात काय बी न्हाई बघ."

रंगुबाई "बरं झालं बाई" म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

नाथाजीनं कागदाची घडी करून बंडीच्या खिशात घातली. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. रक्तात नाही म्हटल्यावर आता सबब कुठली सांगणार? जत्रेचं मटण गेलं, आणि ह्या जन्मी परत येत नाही. पण गंमत अशी की, त्याला फार वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. नळीचं वाटलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी रंगुबाईचा भाऊ म्हसवडहून टेंपो घेऊन आला. टेंपोतनं दहा मेंढरं उतरली आणि घरामागं बांधली गेली. नाथाजीनं ती दोनदा मोजली. पाहुण्यांसाठी दहा! सगळी वाडी जेवणार, आणि घरधनी वांगं चिवडत बसणार. तो दिवसभर मेंढरांकडं पाठ करून फिरत होता.

जत्रेला देवाचा नैवेद्य झाला, पंगत बसली. नाथाजी कोपऱ्यात, कुणाच्या नजरेला येणार नाही असा बसला. रंगुबाई वाढत वाढत त्याच्यापर्यंत आली. तिनं ताटात एक भाकरी ठेवली. एक वाटी ठेवली, तीत तांबडा रस्सा. आणि मग वेचून काढलेल्या दोन नळ्या भाकरीवर ठेवल्या.

नाथाजी ताटाकडं बघतच राहिला. हे काय, म्हणून त्यानं हळूच विचारलं.

"दोन लाल ठिपक्यांच्या दोन नळ्या," रंगुबाई म्हणाली. "आवं, उन्हाकडं कागद धरून कोन खोटं बोलतं का? पाठीमागनं दोन्ही लाल दिसत हुते मला."

नाथाजीचा घास हातातच राहिला. मग तुझ्या भीतीचं काय, असं काहीतरी तो पुटपुटला. भीती आहेच की, ती म्हणाली, कुठं जात्या? पण पहिल्यांदाच माझ्यासाठी खोटं बोललात, एरवी सगळं पोटासाठी. जेवा आता.

त्यानं दोन्ही नळ्या चोखून साफ केल्या. आतला गर निघेना तेव्हा भाकरीवर आपटून काढला. दोन वर्षांत इतकं चवीचं त्यानं काही खाल्लं नव्हतं. मंगळवारच्या थाळीला ही चव कधीच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याला जाग आली ती मेंढरांच्या ओरडण्यानं. मागं जाऊन बघतो तर दहाच्या दहा जागेवर. मग काल शिजलं काय? ते बाजारातनं आणलं होतं. रंगुबाई दारात उभी होती. मोटारसायकलची किल्ली तिच्या कमरेला. हातात माळ्यावरनं काढलेली त्याची जुनी काठी, तेल लावून पुसलेली, आणि काठीच्या मुठीला काळ्या लोकरीचा दोरा.

मेंढरं त्याची होती. रोज डोंगरापर्यंत न्यायची आणि आणायची, चालत.

नाथाजीनं काठी हातात घेतली आणि लोकरीवरनं बोट फिरवलं. ही कशाला बांधलीस, म्हणाला.

"वळख हाय," रंगुबाई म्हणाली. "काठी गुंडाभावजींच्या हातात दिसली तर मला कळंल."